एडब्ल्यूएस सीक्रेट्स मॅनेजर: कुणी घ्यावा, कुणाला पॅरामीटर स्टोअर पुरेल

सीक्रेट्स मॅनेजर, म्हणजे पासवर्ड, की अशी सीक्रेट्स सांभाळणारी एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) सर्व्हिस, घ्यावा का असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते, तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला होता? बहुतेक वेळा उत्तर येतं की सिस्टीम लाइव्ह झाली तेव्हा ठेवलेला तोच आहे, आणि बदलायचा म्हटलं तर तो कुठेकुठे लिहून ठेवलाय हेच कुणाला धड माहीत नसतं. अशा टीमसाठी ही सर्व्हिस फार कामाची आहे. पण ज्यांना नुसत्या चार एपीआय की (दुसऱ्या सर्व्हिस वापरायच्या चाव्या) एन्क्रिप्ट करून नीट ठेवायच्यात आणि त्या वर्षानुवर्षं तशाच राहणार आहेत, त्यांनी यासाठी पैसे मोजायची काही गरज नाही, त्यांच्यासाठी त्याच अकाउंटमध्ये पॅरामीटर स्टोअर, म्हणजे सेटिंग्ज ठेवायची एडब्ल्यूएसचीच साधी जागा, फुकट आहे. माझं मत हेच, आता का ते सांगते, जरा लांबेल.

कॉन्फिगरेशन कोडमध्ये न ठेवता एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणाऱ्या किमतींमध्ये) ठेवा हा सल्ला हेरोकू या होस्टिंग कंपनीच्या लोकांनी २०११ च्या सुमारास ट्वेल्व्ह फॅक्टर या मार्गदर्शिकेत मांडला आणि तो चांगलाच होता, कारण त्याआधी पासवर्ड सरळ कोडमध्येच असायचे. पोर्ट नंबर, लॉग लेव्हल, दुसऱ्या सर्व्हिसचा पत्ता या गोष्टींना व्हेरिएबल एकदम बरोबर आहे. पासवर्डचं तसं नाही. व्हेरिएबल त्या प्रोसेसनं सुरू केलेल्या प्रत्येक पोरप्रोसेसला आपोआप मिळतं, लिनक्सवर त्याच युजरला प्रॉक फोल्डरमधल्या एन्व्हायरन फाइलमधून वाचता येतं, आणि काही एरर रिपोर्टिंग लायब्ररी क्रॅश झाला की सगळं एन्व्हायरन्मेंट उचलून बाहेर पाठवतात. ईसीएसवर (एडब्ल्यूएसची कंटेनर चालवणारी सर्व्हिस) तर आणखी एक भानगड आहे, पासवर्ड टास्क डेफिनिशनमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नोंदीत) साधं व्हेरिएबल म्हणून टाकला तर ज्याला टास्क डेफिनिशन बघायची परवानगी आहे त्या प्रत्येकाला तो उघडा दिसतो, आणि प्रत्येक डिप्लॉयला नवी रिव्हिजन बनत असल्यामुळे नंतर तो काढून टाकला तरी जुन्या रिव्हिजनमध्ये तसाच बसून राहतो. त्या जुन्या रिव्हिजन डीरजिस्टर केल्या तरी वाचता येतात, वेगळ्यानं डिलीट कराव्या लागतात, आणि हे कुणी करत नाही.

हे नुसतं पुस्तकी भय नाहीये. २०२१ मध्ये कोडकोव्ह या टेस्ट कव्हरेज मोजणाऱ्या कंपनीची बॅश अपलोडर स्क्रिप्ट कुणीतरी बदलली होती, ३१ जानेवारीपासून १ एप्रिलला लक्षात येईपर्यंत ती स्क्रिप्ट जिथे जिथे चालली तिथलं सीआयचं (कोड आपोआप तपासून बिल्ड करणाऱ्या यंत्रणेचं) एन्व्हायरन्मेंट बाहेरच्या सर्व्हरला जाऊ शकत होतं. त्या स्क्रिप्टला कुठलंही कुलूप फोडावं लागलं नाही, तिच्या आजूबाजूला जे व्हेरिएबल होते तेच तिनं उचलले. आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या सीआय पुरवणाऱ्या कंपनीनं सगळ्या ग्राहकांना सांगितलं की आमच्याकडे ठेवलेली तुमची सगळी सीक्रेट्स बदला. सगळी. आता कल्पना करा की असा निरोप आला आणि तुमच्याकडे दीडदोनशे सीक्रेट्स आहेत आणि एकही बदलायची सवय नाही. म्हणून मी म्हणते की सीक्रेट नीट ठेवलंय का यापेक्षा ते आज दुपारी कुणाला न थांबवता बदलता येईल का हा प्रश्न मोठा आहे.

तर सीक्रेट्स मॅनेजर. २०१८ मध्ये आला. ठेवण्याचा भाग सोपा आहे, कन्सोलमध्ये जाऊन युजरनेम, पासवर्ड, होस्ट असं जेसनमध्ये (नाव आणि किमतीच्या जोड्यांच्या मजकुरात) भरायचं, नाव द्यायचं, झालं. एका सीक्रेटमध्ये ६४ केबीपर्यंत मावतं. केएमएसची (एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारी एडब्ल्यूएसची सर्व्हिस) एन्क्रिप्शन की त्यांची स्वतःची फुकट मिळते, पण इथे एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, उद्या दुसऱ्या एडब्ल्यूएस अकाउंटमधून हे सीक्रेट वाचायचं असेल तर ती फुकटची की चालत नाही, स्वतःची की बनवावी लागते. वेगवेगळ्या अकाउंटमध्ये प्रॉडक्शन आणि स्टेजिंग ठेवणाऱ्यांनी तर पहिल्या दिवसापासूनच स्वतःची की घ्यावी. नावांना प्रॉड स्लॅश बिलिंग स्लॅश डीबी अशी शिस्त लावली तर पुढे परवानग्या देताना फार सोपं जातं, कारण पॉलिसीमध्ये प्रॉड स्लॅश बिलिंग स्लॅश स्टार एवढंच लिहिलं की झालं.

परवानग्यांमध्ये एक बारीक खोच आहे. तुम्ही दिलेल्या नावापुढे एडब्ल्यूएस एक हायफन आणि सहा रँडम अक्षरं जोडून एआरएन (त्या सीक्रेटची एडब्ल्यूएसमधली पूर्ण ओळख) बनवतं. म्हणजे तेच सीक्रेट पुसून त्याच नावानं परत बनवलं तर एआरएन वेगळा होतो आणि जुनी परवानगी आपोआप नव्याला लागू होत नाही. सिक्युरिटीच्या नजरेनं हे मला आवडतं. पण ज्यानं पॉलिसीमध्ये हातानं नाव लिहिलं आणि शेवटी सहा प्रश्नचिन्हं टाकली नाहीत त्याला ॲक्सेस डिनाइड येत राहतं आणि सगळं बरोबर लिहिलंय असंच वाटत राहतं. ईसीएस वापरणाऱ्यांसाठी दुसरी खोच म्हणजे दोन रोल (परवानग्यांचे गठ्ठे), टास्क रोल आणि टास्क एक्झिक्युशन रोल. कंटेनर सुरू होताना ईसीएसच सीक्रेट आणून देणार असेल तर परवानगी एक्झिक्युशन रोलला हवी, तुमचा कोड चालू असताना स्वतः वाचणार असेल तर टास्क रोलला. स्वतःची केएमएस की असेल तर त्याच रोलला डिक्रिप्टची परवानगी पण. नवीन माणूस टीममध्ये आला की मी पहिल्यांदा एवढंच समजावते, बाकी सगळं डॉक्युमेंट वाचून कळतं.

वाचलं कोणी याची नोंद क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसवरच्या हालचालींच्या लॉगमध्ये) आपोआप पडते, कुठल्या रोलनं, कधी, कुठलं सीक्रेट मागितलं. पासवर्ड स्वतः लॉगमध्ये येत नाही. डॉट एन्व्ही फाइल (व्हेरिएबल लिहून ठेवलेली साधी फाइल) कुणी उघडून बघितली हे तुम्हाला कधीच कळणार नाही, इथे कळतं, आणि काही लीक झालंय असा संशय आला तर शोध कुठून सुरू करायचा त्याला एक टोक तरी हातात येतं.

आता रोटेशन, म्हणजे पासवर्ड ठरावीक काळानं आपोआप बदलणं, ज्यासाठी खरंतर पैसे द्यायचे. पद्धत अशी की एक लॅम्ब्डा फंक्शन (सर्व्हर न सांभाळता एडब्ल्यूएसवर चालणारा छोटा कोड) असतं आणि ते चार पायऱ्यांत काम करतं. आधी नवा पासवर्ड बनवून सीक्रेटची नवी व्हर्जन तयार करायची आणि तिला पेंडिंगचं लेबल लावायचं, मग डेटाबेसमध्ये जाऊन तो पासवर्ड खरोखर बदलायचा, मग नव्या पासवर्डनं लॉगिन होतंय का ते तपासायचं, आणि सगळं ठीक असेल तरच करंटचं लेबल जुन्या व्हर्जनवरून काढून नव्यावर लावायचं. जुन्या व्हर्जनला प्रीव्हियस असं लेबल लागतं. तुमचा कोड नेहमी करंट मागतो त्यामुळे त्याला यातलं काही माहीत असायची गरज नाही. ही रचना मला मनापासून आवडते, कारण मध्येच काहीतरी फिसकटलं तर लेबल हललेलं नसतं आणि नव्या व्हर्जनचं काय झालं ते बघायला ती पेंडिंगमध्ये सापडते.

पण पूर्ण अडचणी गेल्या असं नाही. साधी पद्धत म्हणजे एकाच युजरचा पासवर्ड बदलायचा. त्यात डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला आणि सीक्रेटवरचं लेबल अजून हललं नाही असा छोटासा काळ राहतो, त्या वेळात कुणी नवं कनेक्शन उघडलं तर ते नाकारलं जातं. ज्यांच्या कोडमध्ये थोडं थांबून परत प्रयत्न करायची सोय आहे त्यांना काही फरक पडत नाही. जिथे तेवढंही चालणार नाही तिथे दोन युजरांची आलटून पालटून पद्धत वापरायची, त्यात पहिल्या युजरची नक्कल बनते आणि प्रत्येक रोटेशनला वापरात नसलेल्याचा पासवर्ड बदलून मग त्याच्याकडे वळायचं, म्हणजे जुना पासवर्ड पुढच्या रोटेशनपर्यंत चालूच राहतो. यासाठी एक जास्त अधिकाराचा युजर वेगळ्या सीक्रेटमध्ये ठेवावा लागतो, आणि टेबलांची मालकी ज्या युजरकडे आहे त्याचीच नक्कल करायला गेलात तर मालकी नकलेकडे जात नाही हे लक्षात घ्यावं लागतं. मी प्रॉडक्शनसाठी तरीही दोन युजरवालीच सुचवते.

आणखी एक गोष्ट जी खूप जणांना उशिरा कळते. पासवर्ड बदलला म्हणून आधीपासून उघडी असलेली कनेक्शन तुटत नाहीत. म्हणजे रोटेशन झालं, सगळं हिरवं दिसतंय, ॲप मजेत चाललंय, आणि कित्येक तासांनी ट्रॅफिक वाढल्यावर कनेक्शन पूल (कनेक्शन उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरणारा भाग) नवी कनेक्शन उघडायला जातो तेव्हा जुन्या पासवर्डनं लॉगिन फेल. तोपर्यंत रोटेशन झालं होतं हे कुणाच्या डोक्यातही नसतं आणि लोक नेटवर्क तपासत बसतात. म्हणून रोटेशन चालू केल्यावर ते नीट झालं का हे बघायचं असेल तर मुद्दाम पूल रिकामा करून नवी कनेक्शन उघडून बघा, नुसता डॅशबोर्ड बघून समाधान मानू नका.

रोटेशन चालू करताना डीफॉल्टनं ते लगेच एकदा होतं, ती टिक काढली नाही तर सेव्ह दाबलं की पासवर्ड बदलला, हे माहीत असू द्या आणि भर कामाच्या वेळेत करू नका. लॅम्ब्डा व्हीपीसीमध्ये (एडब्ल्यूएसमधल्या तुमच्या खाजगी नेटवर्कमध्ये) असेल, आणि प्रायव्हेट डेटाबेसपर्यंत पोचायचं तर असावाच लागतो, तर त्याला तिथून सीक्रेट्स मॅनेजरच्या एपीआयपर्यंत पण रस्ता लागतो, म्हणजे व्हीपीसी एंडपॉइंट नाहीतर नॅट गेटवे. नसेल तर तो नुसता टाइमआउट होतो आणि एररमध्ये कारण काही नीट दिसत नाही. हे सगळं टाळायचं असेल आणि डेटाबेस आरडीएसवर (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सर्व्हिसवर) असेल तर मास्टर पासवर्ड आरडीएसलाच सांभाळायला देता येतो, २०२२ च्या शेवटी ही सोय आली, लॅम्ब्डा लागत नाही आणि डीफॉल्टनं दर सात दिवसांनी पासवर्ड बदलतो. पण ते मास्टर युजरपुरतं, ॲपनं मास्टर युजर वापरू नये हे तर झालंच.

आणि बाहेरच्या सर्व्हिसच्या एपीआय की, म्हणजे ईमेल पाठवणारी सर्व्हिस, पेमेंट, नकाशे वगैरे? त्यांच्यासाठी साधारणपणे लॅम्ब्डा तुम्हालाच लिहावा लागतो, आणि समोरच्या सर्व्हिसनं एपीआयमधून नवी की बनवायची सोय दिलीच नसेल तर रोटेशन हातानंच. तिथे सीक्रेट्स मॅनेजरचा फायदा निम्म्यावर येतो हे मान्य करायला हवं.

आता जिथे सगळ्यात जास्त लोकांचं घोडं अडतं ती जागा, सीक्रेट ॲपपर्यंत पोचवायचं कसं. ईसीएसमध्ये टास्क डेफिनिशनमध्ये सीक्रेटचा एआरएन लिहिला की कंटेनर सुरू होताना ते व्हेरिएबल म्हणून आत येतं. कोडला हात लावायचा नाही, टास्क डेफिनिशनमध्ये पासवर्ड दिसत नाही, फार सोयीचं. पण ते सुरू होतानाच एकदा येतं. नंतर रोटेशन झालं तरी चालू कंटेनरकडे जुनाच पासवर्ड राहतो, नवा हवा असेल तर फोर्स न्यू डिप्लॉयमेंट. म्हणजे रोटेशन आपोआप आणि त्यानंतरचं डिप्लॉय हातानं, असं अर्धवट लग्न लावलं तर रोटेशनचा दिवस हाच बंद पडायचा दिवस होतो. कुबरनेटीसमध्येही (कंटेनर चालवणारी दुसरी प्रणाली) सीक्रेट व्हेरिएबल म्हणून दिलं तर तसंच आहे, व्हॉल्यूम म्हणून माउंट केलं तर फाइल काही वेळानं बदलते, पण सबपाथनं माउंट केलं असेल तर तीही बदलत नाही. आणि कुबरनेटीसचं स्वतःचं सीक्रेट म्हणजे नुसतं बेस६४ (कुणालाही उलगडता येणारी लिहायची पद्धत), एटसीडीमध्ये (कुबरनेटीसच्या साठवणीत) एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, डीफॉल्टनं नसतं.

त्यामुळे रोटेशन करणार असाल तर कोडनं चालू असताना सीक्रेट वाचायला शिकायलाच हवं. इथे मग लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक रिक्वेस्टला एपीआय कॉल करतात. हिशोब करून बघा, सीक्रेट्स मॅनेजरचा दर १०,००० कॉलमागे ५ सेंट आहे, सेकंदाला १०० रिक्वेस्ट येणारं ॲप ३० दिवसांत २५ कोटी ९२ लाख कॉल करेल आणि एकट्या एका सीक्रेटसाठी १,२९६ डॉलर होतील. वर प्रत्येक रिक्वेस्टला तेवढा उशीर. उपाय त्यांनीच दिलाय, कॅशिंग लायब्ररी (सीक्रेट थोडा वेळ लक्षात ठेवणाऱ्या) आहेत, लॅम्ब्डासाठी एक्स्टेंशन आहे आणि २०२४ पासून कंटेनर किंवा सर्व्हरशेजारी चालवायचा एक एजंटही आहे. एक्स्टेंशन आणि एजंट दोन्ही लोकलहोस्टच्या २७७३ पोर्टवर बसतात आणि डीफॉल्टनं ३०० सेकंद सीक्रेट लक्षात ठेवतात. पायथॉनच्या कॅशिंग लायब्ररीचा डीफॉल्ट मात्र एक तासाचा आहे, ते एकदा बघून घ्या, कारण रोटेशननंतर एक तास जुना पासवर्ड धरून बसणं एका युजरच्या पद्धतीत परवडत नाही. माझ्या मते सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे लॉगिन फेल झालं की कॅश फेकून द्यायची, नवीन सीक्रेट आणायचं आणि एकदा परत प्रयत्न करायचा. एवढा थोडासा कोड लिहिला की टीटीएल (सीक्रेट लक्षात ठेवायची मुदत) किती ठेवायचा यावर वाद घालत बसायची गरजच उरत नाही.

किमतीचं बोलू. एका सीक्रेटला महिन्याला ४० सेंट. ऐकायला काहीच नाही, पण ४० सर्व्हिस, प्रत्येकी ५ सीक्रेट्स, तीन एन्व्हायरन्मेंट म्हणजे ६०० सीक्रेट्स आणि महिन्याला २४० डॉलर, आणि दुसऱ्या रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या दुसऱ्या भौगोलिक भागात) रेप्लिका ठेवली तर तीही वेगळं सीक्रेट म्हणून मोजली जाते. होस्ट, युजर, पासवर्ड वेगवेगळी सीक्रेट्स करू नका, एकाच जेसनमध्ये ठेवा, ती एकत्रच बदलतात. मात्र पैसे वाचवायला अख्ख्या कंपनीचे पासवर्ड एकाच जेसनमध्ये कोंबू नका, कारण परवानगी अख्ख्या सीक्रेटवर असते, मग बिलिंगवाल्या सर्व्हिसला ईमेलची की पण दिसते.

पॅरामीटर स्टोअरचं स्टँडर्ड फुकट आहे, एका अकाउंटच्या एका रीजनमध्ये १०,००० पॅरामीटर, प्रत्येकी ४ केबीपर्यंत, सिक्युअर स्ट्रिंग घेतलं तर केएमएसनंच एन्क्रिप्ट होतं. नावांची उतरंड करता येते, जुन्या व्हर्जन राहतात. साधी कॉन्फिगरेशन आणि क्वचित बदलणारी सीक्रेट्स यासाठी मी हेच वापरते आणि समाधानी आहे. उणं काय, तर रोटेशन नाही, डीफॉल्ट वेग सेकंदाला ४० कॉलचा आहे त्यामुळे एकाच वेळी खूप कंटेनर सुरू झाले की थ्रॉटलिंग (जास्तीचे कॉल नाकारणं) होऊ शकतं, आणि एका फोल्डरमधले सगळे पॅरामीटर मागितले तर एका पानावर जास्तीत जास्त १० येतात, पुढची पानं मागायला विसरलेल्या कोडमध्ये अकरावा पॅरामीटर टाकला की तो गायबच असतो. छान गोष्ट ही की पॅरामीटर स्टोअरमधूनच सीक्रेट्स मॅनेजरचं सीक्रेट पण वाचता येतं, म्हणजे कोडमध्ये एकच दार ठेवून मागे दोन्ही वापरता येतात.

पुसण्याबद्दल थोडं. सीक्रेट डिलीट केलं की लगेच जात नाही, ७ ते ३० दिवसांची मुदत असते, डीफॉल्ट ३०, तेवढ्यात परत आणता येतं आणि त्या काळाचे पैसे लागत नाहीत. चुकून पुसणाऱ्यांसाठी उत्तम. पण तोवर त्या नावानं नवं सीक्रेट बनवता येत नाही, आणि जे लोक प्रत्येक ब्रँचसाठी तात्पुरतं एन्व्हायरन्मेंट उभं करून पाडतात त्यांचं टेराफॉर्म (क्लाउडची रचना कोडमधून उभी करणारं साधन) दुसऱ्यांदा तिथेच अडकतं. अशा तात्पुरत्या जागी मुदत शून्य ठेवा, प्रॉडक्शनमध्ये कधीच नको. टेराफॉर्मवरून आठवलं, सीक्रेटची किंमत टेराफॉर्ममध्ये लिहिली तर ती स्टेट फाइलमध्ये (काय काय उभं केलंय याच्या नोंदीत) उघडी जाते, बाकी सगळं कितीही नीट केलं तरी. १.१० पासून एफेमेरल आणि १.११ पासून राइट ओन्ली अशी, किंमत स्टेटमध्ये न लिहिण्याची सोय आलीय, ती वापरा, नाहीतर टेराफॉर्मनं फक्त रिकामं सीक्रेट बनवावं आणि आतली किंमत दुसरीकडून भरावी.

व्हॉल्टशी (हाशिकॉर्पचं सीक्रेट्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) तुलना नेहमी विचारतात. प्रत्येक मागणीला डेटाबेसचा नवा तात्पुरता युजर बनवून देणं आणि मुदत संपली की पुसणं, यात व्हॉल्ट पुढेच आहे, आणि एकापेक्षा जास्त क्लाउड असतील तर तोच बरा. पण तो चालवायला माणसं लागतात, रीस्टार्ट झाला की सील (कुलूपबंद) होऊन बसतो आणि ऑटो अनसील लावलं नसेल तर पाचातल्या तीन चाव्या घेऊन माणसांना यावं लागतं. २०२३ मध्ये लायसन्स बदलल्यावर ओपनबाओ नावाचा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प) निघाला, ज्यांना मोकळं लायसन्स हवंय त्यांनी तो बघावा. गूगलच्या सीक्रेट मॅनेजरमध्ये रोटेशनचं वेळापत्रक लावता येतं, पण साधारणपणे वेळ झाली की पबसबवर (गूगलच्या निरोप पोचवणाऱ्या सर्व्हिसवर) निरोप येतो, पासवर्ड बदलायचं काम आपलंच.

आणि जे सीक्रेट लागतच नाही ते ठेवूही नका. आरडीएसला आयएएमनं (एडब्ल्यूएसच्या ओळख आणि परवानग्यांच्या व्यवस्थेनं) लॉगिन करता येतं, टोकन १५ मिनिटं चालतं, पासवर्ड नावाची गोष्टच राहत नाही, फक्त सेकंदाला खूप नवी कनेक्शन उघडणाऱ्या ॲपला ते झेपत नाही. गिटहब ॲक्शन्समधून एडब्ल्यूएसवर डिप्लॉय करायला ओआयडीसी (कायमची की न ठेवता ओळख पटवायची पद्धत) आहे, तरी कितीतरी ठिकाणी अजून कायमची ॲक्सेस की सीआयमध्ये पडलेली असते. नवं प्रॉडक्ट आणायच्या आधी या दोन गोष्टी केल्या तर यादी बरीच छोटी होते.

डेव्हलपरच्या लॅपटॉपवर काय करायचं हे उरलं. तिथे प्रॉडक्शनचं सीक्रेट यायलाच नको, डेव्ह अकाउंट वेगळं ठेवा, एसएसओनं (कंपनीच्या एकाच लॉगिननं) लॉगिन करून तिथलंच सीक्रेट त्याच कोडनं वाचा. डॉट एन्व्ही ठेवायचीच असेल तर त्यात फक्त लोकल डेटाबेसचा पासवर्ड असावा, आणि रेपोमध्ये डॉट एन्व्ही डॉट एक्झाम्पल ठेवा ज्यात नावं आहेत, किमती नाहीत, आणि प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळवायचं आणि कोण बदलतं हे एका ओळीत लिहिलेलं आहे.